झाकणाआडची खूण

घड्याळजीच्या सुनेला या धंद्यात कुणी बोलावलं नव्हतं. पण सासऱ्याचे हात थरथरायला लागले, आणि नवऱ्याला घड्याळ म्हणजे उशीर झाला हे कळण्यापुरतं. मग भिंग हिच्याच डोळ्याला लागलं. तीन वर्षांत बाईचा हात असा बसला, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरताना श्वाससुद्धा परवानगी घेऊन यायचा.

सासऱ्याने पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच : "घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतून खूण कर आणि तारीख घाल. आपलं केलेलं आपल्या नावावर. लपवाछपवी नाही."

त्याची खूण चंद्रकोर, तिची ठिपका.

टेलर तिसऱ्यांदा घड्याळ घेऊन आला तेव्हा दुकानात पाय ठेवण्याआधीच त्याचं तोंड सुरू झालं. "वहिनी, हे चालतंय का माझी चेष्टा करतंय? म्हाताऱ्याच्या काळात असं नव्हतं हो!"

तिने झाकण काढलं. परवाच्या तिच्या ठिपक्याशेजारी परवाचीच चंद्रकोर होती, वेडीवाकडी, मुंगी शाईत पडून चालल्यासारखी. आणि आतली स्प्रिंग पिळवटलेली.

दुपारी ती घरी जेवायला गेली की मामंजी दुकान राखायचे. राखायचे म्हणजे काय, ते तिला आज कळलं.

"माझंच चुकलं," ती टेलरला म्हणाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून मामंजींनी मान डोलावली. "तिचा हात अजून बसायचाय. ठेवून जा, मी नजर टाकतो."

टेलरचं समाधान झालं. तिचं जे झालं ते तिने गिळलं. गेल्या महिन्यात परत आलेली सगळी घड्याळं तिला एकदम आठवली, आणि दुसऱ्या दुकानाकडे वळलेली गिऱ्हाइकंही. म्हाताऱ्याला कोण सांगणार? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तूच सांग, तुझं ऐकतात." आणि कूस बदलली.

मग तिने अक्कल चालवली. दुरुस्त झालेली घड्याळं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला. खालच्या खणात पाच जुनी बेवारस घड्याळं होती. त्यातलं रोज एक ती टेबलावर ठेवायची, चिठ्ठी लावून : बेकरीवाला, नर्सबाई, पोस्टमन.

"हा बेकरीवाला कोण गं?"

"नवा आलाय, मामंजी. घाई नाही म्हणाला."

पाच दिवस म्हातारा खुशीत होता. दुपारी ती परतायची तेव्हा भिंगाचा गोल वळ त्याच्या डोळ्याभोवती उमटलेला असायचा, आणि तो विचारायचा, "जेवलीस ना पोटभर? सावकाश येत जा. मी आहे."

सहाव्या दिवशी खण संपला. म्हाताऱ्याला कालचं जेवण आठवत नाही, गेल्या आठवड्याचं घड्याळ काय आठवणार, म्हणून तिने पहिलंच पुन्हा ठेवलं. बेकरीवाल्याच्या चिठ्ठीजागी नर्सबाईची लावली, झाकण मात्र उघडून पाहिलं नाही.

ती जेवून आली तेव्हा मामंजींच्या तळहातावर ते झाकण उताणं पडलं होतं.

"सूनबाई, नर्सबाईच्या घड्याळावर माझी खूण आहे. पाच दिवसांपूर्वीची. मला आठवत नाही, पण हात माझाच." त्यांनी ते उजेडाकडे धरलं. झाकण थरथरत होतं. "रेघ बघ कशी आलीय."

तिने टेबलावरची चिठ्ठी मुठीत घेतली.

"टेलरच्या घड्याळात पण अशीच आहे का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिल्या दिवशीचा धडा आडवा आला.

म्हाताऱ्याने भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, आणि तिच्यासमोर ठेवलं. रागाने नव्हे. राग असता तर तिला पाया पडता आलं असतं.

"बरं," ते म्हणाले. मग स्टुलावर बसत, "पण दुपारी मी करू काय?"

तिने कमरेची किल्ली काढून भिंगाशेजारी ठेवली. दोघंही किल्लीकडे बघत बसले. हात कुणीच लावला नाही.