ताईचे कान

धाकटीचं नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. टेनिसमधल्या लाकडी रॅकेटचा जमाना तो. ही डबल्सला नेटजवळ उभी राहिली की भल्याभल्या बायकांची पाचावर धारण बसायची. पण तिची पहिली जोडीदार तिची सख्खी थोरली बहीण होती, हे कुणाला आठवतंय? ताई मागं, धाकटी पुढं. दोघींचं ठरलेलं, चेंडू मधोमध आला की जी आधी "माझा!" ओरडेल, तिचा.

एका फायनलला ऐन मोक्याच्या वेळी चेंडू असा मधोमध आला. ताई ओरडली, "माझा!" धाकटीनं स्वच्छ ऐकलं. पण हाव कुठं गप्प बसू देते! ती झेपावली, दोघी एकमेकींवर आदळल्या, ताईचा गुडघा मुरगळला आणि सामना गेला. कोच संतापून लाल झालेला. धाकटी घाबरून बोलून गेली, "आधी मीच ओरडले होते. हिला ऐकूच गेलं नाही."

"असेल गं," ताई म्हणाली. वाद नाही की काही नाही.

गुडघा महिन्याभरात बरा झाला, पण ताई कोर्टवर परतली नाही. धाकटीला नवी जोडीदार मिळाली, कपांनी कपाट भरलं. घरात ताईचं नाव पडलं 'बहिरी'. अहो, चुकीचं कोण ऐकत नाही? पण ताईनं "काय?" विचारलं की घरभर हशा. धाकटीही हसायची आणि मग तिला जेवण गोड लागायचं नाही. सांगू सांगू म्हणता केस पांढरे झाले.

परवा ताईनंच काढलं, "आता कानाला मशीन लावून घेते बाई. नातवंडंसुद्धा चिडवतात." धाकटी सोबत गेली.

डॉक्टरीणबाईंनी कानाला यंत्र लावून सगळं तपासलं आणि त्या हसल्या. "मशीन कशाला? आजी, तुमचे कान ठणठणीत आहेत. तरुणांना लाजवतील."

बाहेर बाकावर ताई गोंधळून बसली. "मग त्या दिवशी तुझी हाक कशी गं ऐकू आली नाही मला?"

धाकटी तिच्या शेजारी टेकली. आता गप्प राहणं म्हणजे तोच गुन्हा पुन्हा करणं. "ताई, मी ओरडलेच नव्हते. तू ओरडलीस, मी ऐकलं आणि तरी धावले. खोटं बोलले मी."

ताई हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिली. धाकटीला वाटलं, आता चार शिव्या हासडेल. हासडाव्यात, अशी तिची फार इच्छा होती.

"गुडघा बरा झाल्यावर कोच घरी आले होते," ताई म्हणाली. "पुन्हा तुझ्याबरोबर खेळ म्हणत होते. मीच नाही म्हटलं. म्हटलं, माझ्या कानांपायी पोरीचं नुकसान नको."