जगात पहिलं आलेलं बेट

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. दिल्लीच्या सरकारी कार्यालयात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला एक तक्ता धड लावता येऊ नये, ही लाजेची गोष्ट आहे. त्याहून लाजेची गोष्ट पुढे आहे.

महासाथ ओसरल्यावर आमच्या विभागाकडे एक काम आलं. कोणत्या देशाने साथीच्या आधी, साथीत आणि नंतर आरोग्यावर माणशी किती खर्च केला, याचा तक्ता करायचा. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी तीन आठवडे खपून तो केला. ताई माझ्याहून वयाने मोठ्या. विभागात मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारचा डबा एकत्र. तक्त्यातलं चित्र सरळ होतं. साथीत सगळ्यांनी हात सैल सोडला आणि भीती सरली तशी बहुतेकांनी मूठ आवळली.

तक्ता पाठवायच्या दिवशी साहेब म्हणाले, देशांची नावं वर्णक्रमाने लावा. ताई रजेवर होत्या. मी नावांचा रकाना निवडून बटण दाबलं. शेजारचे आकडेही नावांबरोबर हलवायचे का, असं संगणकाने विचारलं. तेवढ्यात चहा आला. मी ‘नाही’ दाबलं.

नावं हलली, आकडे जागच्या जागी राहिले. दिल्लीतल्या आमच्या द्वारका उपनगरातल्या एखाद्या सेक्टरएवढीही वस्ती नसलेलं एक बेट जगात पहिलं आलं. साथीत खर्च वाढवला, तो वाढवला. नंतरही कमी म्हणून केला नाही!

साहेब हेलावले. “छोटा देश, बड़ा दिल!” म्हणत त्यांनी तिथल्या अभ्यासदौऱ्याचा प्रस्तावच केला. चौघांच्या यादीत माझंही नाव होतं. बायकोने पहाडगंजच्या बाजारातून माझ्यासाठी पोपटांचा शर्ट आणला. तो घालून आरशासमोर उभा असतानाच मला ते ‘नाही’ आठवलं. दुसऱ्या दिवशी मूळ कागदांशी तक्ता ताडून पाहिला. चूक स्वच्छ दिसली. आणि मी गप्प बसलो. सरकारी खर्चाने समुद्र पाहायचा होता, दुसरं काही कारण नाही.

इकडे साहेबांनी त्या बेटाच्या वकिलातीला अभिनंदनाचं पत्र धाडलं होतं. उत्तर फार नम्र आलं. कौतुकाबद्दल आभार, मात्र आमच्याकडे रुग्णालय एकच असून त्याचं छत गळतं. आपण म्हणता तो पैसा नेमका कुठे आहे हे कळवलंत, तर आमचे आरोग्यमंत्रीही आपले ऋणी राहतील.

तक्त्याखाली सही ताईंची होती, रजेवर जाण्याआधीच करून ठेवलेली.

“मॅडम, आपने तो नाक कटवा दी!” साहेब सगळ्यांसमोर ओरडले. ताईंचा पुण्याला बदलीचा अर्ज शिफारशीसाठी त्यांच्याच टेबलावर होता. ताईंचे यजमान पाच वर्षं पुण्यात एकटे, स्वतःच्या हातची खिचडी खात होते. साहेबांनी अर्ज पालथा घातला आणि म्हणाले, “अब रहने दीजिए.”

दुपारी डबा उघडताना ताई म्हणाल्या, “वय झालं रे माझं. आकडे असे कसे फिरले, काही आठवतच नाही. आता ह्यांना कळवते, अजून थोडी खिचडी खा म्हणून.” असं म्हणत त्यांनी माझ्या पोळीवर लोणचं वाढलं. मी ती पोळी लोणच्यासकट संपवली. आणखी दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं ओकलो. चहाचं सांगितलं, ‘नाही’चं सांगितलं, शर्टाचंही सांगितलं, ज्याची काही गरज नव्हती.

“तोते?” साहेबांनी चष्मा काढला. “कितने?”

“जी, मोजले नाहीत,” मी घाबरून मराठीतच म्हणालो.

दौरा रद्द झाला. चूक कुणाची, हे त्यांनी माझ्या हातानेच फाईलवर लिहून घेतलं. मग ताईंचा अर्ज सुलटा करून माझ्यासमोर शिफारशीची सही केली.

मी ताईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. “ताई, सदर तक्त्याबाबत माझ्याकडून अनवधानाने जी त्रुटी...”

“हे फाईलवर लिहिलंस ना? मग बास. मला माणसासारखं सांग.”

“ताई, चूक मी केली, कळल्यावर लपवली, आणि तुम्ही बोलणी खात होतात तेव्हा शेजारी मुकाट बसून राहिलो. मला माफ करा.”