गाऱ्हाण्यापुरता थांबा

देव हाक मारतो तेव्हा माणसाला थांबावंच लागतं. मला मात्र त्याने हाक मारली नव्हती. आंबोली घाटात तो भर रस्त्यात हात वर करून उभा होता, आणि दुसऱ्या हातात त्याची तंबाखू होती.

गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. दोनच दिवस आधी रस्ता सुरक्षा सप्ताहात बिनअपघाती चालक म्हणून माझा सत्कार झाला होता. अशा समारंभांना मी जन्मभर हसत आलो, पण शाल अंगावर पडताच मलाही भाषण सुचलं. ‘ज्या गिअरने घाट चढावा, त्याच गिअरने उतरावा,’ असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. आता बेळगावहून ट्रकभर बटाटे घेऊन उतरताना मी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती आणि सगळा भार ब्रेकवर टाकला होता. घाटमाथ्यावरच्या देवापाशी इतर चालक थांबतात. मी कधी थांबलो नाही. मी पुस्तकं वाचणारा माणूस.

चौथ्या वळणानंतर जळका वास आला. पाचव्यावर पाय पूर्ण दाबला तरी गाडी हवी तशी आवळेना. गिअर पडेना. समोर तो म्हातारा, आणि हलायला तयार नाही. हँडब्रेक ओढून गाडी डोंगराच्या बाजूला, गटारात घातली. ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली.

“म्हाताऱ्या, मरूक इलस काय रे?” मी ओरडलो.

“मी नाय, तू इलस,” तो म्हणाला. “चाकां बघ.”

चाकांतल्या ब्रेकच्या ड्रममधून धूर येत होता. मी पाण्याचा कॅन उचलला, तर त्याने मनगट धरलं. “ओतू नको. ड्रम तडकतलो. नारळ आसा?”

नारळ होता. सत्काराचाच. तो घेऊन त्याने वळणावरच्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे गाऱ्हाणं सुरू केलं. घाटातले, गावातले, शिवेवरचे सगळे देव त्याने नावानिशी बोलावले. मग माझी पाळी आली.

“बा म्हाराजा, तुझ्या ह्या लेकरान डिझेल वाचवूक गाडी न्यूट्रलात सोडल्यान. इंजिनाचो आवाज नाय, नुसती चाकां येय होती. हेका गिअरची बुद्धी दी रे म्हाराजा.”

गाऱ्हाण्याला ऐकणाऱ्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तिथे ऐकणारा मी एकटाच.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो. भाषणात मी जे बोललो त्यातलं एकही वाक्य इतकं खरं नव्हतं.

नंतर दुसऱ्या गिअरमध्ये रांगत उतरलो. दोन वळणं खाली एक बस चाक काढून उभी होती, आणि प्रवासी रस्त्याच्या कडेला बसून शेंगदाणे सोलत होते. एका बाईने मुलाला जवळ ओढून मला वाट दिली. तिच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतर घाटात मी गाडी इंजिनाच्या हवाली करतो आणि पायाला गप्प बसवतो. शरण जाणं मला एवढंच कळलं आहे. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलं. ती कृतघ्नता अजून सलते. माझ्यासाठी कुणी इतक्या कळकळीने देवाला आळवलं नव्हतं, तेही दोनदा. पहिलं गाऱ्हाणं संपल्यावर त्याने ड्रमजवळ उलटा हात धरून पाहिला होता. ड्रम गरमच होता, म्हणून त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.