भिंती मातीच्या

वर्ध्याजवळच्या आमच्या पंचायतीत घरकुलाचे अर्ज घेणारे बाबू दर शब्दाला "म्हंजे?" विचारतात. मी शेजारच्या टेबलावर दाखले टाइप करतो, त्यामुळे दिवसभर ऐकतो. कुणी "परवडणारं घर पायजे" म्हटलं, की यांचं सुरू, "परवडणारं म्हंजे? कोणाले?" आणि स्वतःच खुदकन हसतात.

एकदा एका मावशींनी आपलं घर पक्कं असल्याचं सांगितलं. बाबूंचं पेन थांबलं.

"पक्कं म्हंजे? भिंती कायच्या?"

"मातीच्या. पन पक्क्या."

"मावशी, कागदावर पक्कं म्हंजे सिमेंटचं. तसं लिहिलं तं घरकुल भेटत नाई. कच्चं लिहू?"

"माह्या मालकानं हातानं बांधलं. एक भेग नाई. कच्चं काऊन म्हनू?"

मावशी उठून निघाल्याच. बाबूंनी त्यांना परत बसवलं आणि रकान्यात सावकाश लिहिलं, 'भिंती मातीच्या'.

"हे तं खरं हाय ना?"

मावशींनी वाचून सही केली.

काही महिन्यांनी मंजूर यादी आली. वर ठळक अक्षरांत 'कच्ची घरे' असं छापलं होतं. बाबूंनी त्यावर तळहात ठेवला आणि मावशींना फक्त त्यांचं नाव दाखवलं.