सुनंदाताईंचा लाल टॅग

सुनंदाताई गेल्याचं मला आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून मी तो मेसेज वाचला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही तेच चिन्ह टाकलं आणि मग आठवलं, याच ग्रुपवर चार वर्षांपूर्वी त्यांच्याबद्दल मी काय लिहिलं होतं...

ताई मूळच्या नागपूरच्या. वडील रेल्वेत फिटर, पाना धरायला त्यांनीच शिकवलं असं त्या अभिमानाने सांगत. इकडे कॅनडात, केंब्रिजला आल्यावर दोन वर्षं दुकानात उभ्याने काम करत त्यांनी गॅस टेक्निशियनचं लायसन्स मिळवलं. यजमान प्रकाशभाऊ गाड्यांच्या कारखान्यात. फर्नेस म्हणजे बेसमेंटमधली गॅसची भट्टी, इथल्या हिवाळ्यात तिच्या गरम हवेवरच घर जगतं. मंडळात कुणाचाही फर्नेस कुरकुरला की पहिला फोन ताईंना जायचा.

त्या जानेवारीत आई पुण्याहून आमच्याकडे आली होती. रोज डोकं दुखतं म्हणायची, दुपारभर झोपून असायची. थंडी सोसत नाही, असं आम्ही धरून चाललो. फर्नेस आवाज करत होता म्हणून बायकोने ताईंना बोलावलं. घर विकणाऱ्याने तो बारा वर्षांचा असल्याचं सांगितलं होतं. ताईंनी गुडघ्यावर बसून पुढचा पत्रा काढला, आतल्या पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि नंबर वाचला.

"कोण म्हणालं बारा? सव्वीस वर्षांचा आहे हा."

"पण चालतोय ना?"

"वय झालं म्हणून मी कुणाला बाद नाही करत. तब्येत बघू द्या."

त्यांनी फर्नेस सुरू केला. निळ्या ज्योती सरळ उभ्या होत्या. मिनिटभराने पंखा लागला आणि ज्योती एका बाजूला झुकून पिवळ्या पडल्या. "बघा, पंखा लागला अन् ज्योत हलून राहिली. आतल्या पत्र्याला चीर गेली आहे, विषारी वायू घरात येतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

मी नाही म्हणालो. आईचं सांगितलं तर त्या फर्नेस बंद करतील, हे मला कळलं होतं.

त्यांनी तरीही गॅस बंद केला आणि गॅसच्या नळीला 'धोका, वापरू नये' असा लाल टॅग बांधला. मी चिडलो. "बाहेर उणे अठरा आहे, घरात म्हातारं माणूस आहे!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. व्हॅनमधून दोन इलेक्ट्रिक हीटर आणून ठेवले. आमचा वायूचा अलार्म केव्हाच निकामी झाला होता, जाताना आईच्या खोलीबाहेर स्वतःच्या पेटीतला नवा लावून गेल्या.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, नवीन फर्नेस खपवण्यासाठी घाबरवणाऱ्यांपासून सावध राहा. नाव घातलं नाही, घालायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी एक माणूस शोधून आणला. त्याने वरवर पाहिलं, अजून दोन विंटर आरामात निघतील म्हणाला आणि टॅग तोडून गॅस सुरू केला.

नवव्या दिवशी भर दुपारी ताईंचा अलार्म वाजला. आईला हाका मारल्या तर ती नीट उठेना. मी तिला तशीच उचलून बर्फात आणलं. हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन दिला, ती वाचली. फायर ब्रिगेडच्या माणसाने तुटका टॅग हातात धरून विचारलं, "हू टुक धिस ऑफ?"

नवा फर्नेस आम्ही गुपचूप बसवला. ग्रुपवर मी काहीही लिहिलं नाही. ताईंना जाणारे फोन कमी झाले, पुढे त्या मंडळात येईनाशा झाल्या. एकदा ग्रोसरीच्या दुकानात भेटल्या तेव्हा "आई बऱ्या आहेत ना?" एवढंच विचारलं. मी "मजेत" म्हणून पुढे सरकलो. टेक्निशियन पुरुष असता, आडनाव आमच्यातलं असतं, तर मी ते इतक्या सहज लिहिलं असतं का? उत्तर मला माहीत आहे.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मी प्रकाशभाऊंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"तिला माहीत होतं. ब्रिगेडमधला एक जण तिच्या ओळखीचा होता."

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हणाली, त्यांच्या तोंडून येऊ दे..."

म्हणून हे इथे लिहितो आहे. ज्यांच्या कानावर यायला हवं होतं, त्या आता नाहीत.

निघताना भाऊ म्हणाले, फर्नेसचा फिल्टर बदलायचा राहिलाय, मला जमत नाही. आम्ही बेसमेंटमध्ये उतरलो. फर्नेसच्या अंगावर मार्करने ताईंच्या बारीक, सरळ अक्षरात फिल्टर बदलल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, एकीखाली एक. भाऊंनी त्यांवरून बोट फिरवलं. "सगळे रविवार आहेत. जेवायच्या वेळेलाच खाली यायची. मी वरून हाक मारायचो, ती 'आले' म्हणायची अन् अर्धा तास यायची नाही."

फिल्टर बदलून झाला तरी आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. वर टेबलावर भाऊंचं ताट झाकून ठेवलेलं होतं आणि हाक मारायला वर कुणी नव्हतं.