पहिल्याच पानावर कुणीतरी मेलं पाहिजे

मालक उंबऱ्यावर पालथे पडले होते आणि पायाला बांधलेल्या फळ्या मोडून बाजूला आल्या होत्या. पट्टीतून रक्त येत होतं. जुळायला लागलेलं नडगीचं हाड पुन्हा निसटलं होतं. कातड्याखाली ते वर आलेलं मला दिसत होतं. भाकरीच्या पिठाने भरलेल्या हातांनीच मी त्यांना धरलं.

"पाणी प्यायला उठलो हुतो," ते म्हणाले.

खोटं होतं. तांब्या उशाशीच होता. बाहेर यार्डात कुणीतरी डबे जोरात आदळले होते आणि ते कोण गाढव आहे हे बघायला ते उठले होते.

आमच्यात नवऱ्याला मालक म्हणतात. माझे मालक पूर्णा जंक्शनवर सांधेवाले होते. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची तर सांधे बदलावे लागतात, ते त्यांचं काम. निजामाची रेल्वे, निजामाचं राज्य, बाहेर जर्मनांची लढाई चालू होती. डबे जोडताना त्यांचा पाय मधे सापडला आणि नडगी मोडली. दवाखान्यात खाटा थोड्या, म्हणून फळ्या बांधून घरी पाठवलं आणि पडून राहा म्हणून सांगितलं. आता ही दुसरी खेप.

रेल्वेचा डॉक्टर हैदराबादेकडचा, वयाने मोठा माणूस. त्याने हाड बसवलं तेव्हा मालकांचं ओरडणं स्टेशनापर्यंत गेलं असेल. मग मला बाहेर बोलावून म्हणाला, "हिलना नक्को बोला था ना मैं? देखो बेटी, अब के हिला तो पाँव काटना पड़ेगा. जखम सड़ी तो आदमी बी जाएगा."

मी म्हटलं, "बांधून ठेवू का?"

"बांधे तो बी हिलेगा," तो म्हणाला. "दिल को बांधो."

बोलायला सोपं. ज्या माणसाला जेवताना मांडी घालून धड बसवत नसे, एक घास खाऊन जो दारात जाऊन सिग्नल बघून यायचा, त्याचं मन कशाने बांधायचं? पाय गेला तर नोकरी जाणार, नोकरी गेली की क्वार्टर जाणार. पण खरं सांगते, तेव्हा मला क्वार्टरची काळजी नव्हती. जखमेला वास येतो का, ते मी रोज सकाळी नाक जवळ नेऊन बघत होते.

मी माहेरी बोरीला चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकवायला कुणी नव्हतं आणि शिकवलं असतं तरी फार काही झालं असतं असं नाही. पण मला मोठ्याने वाचता यायचं. श्रावणात घरात पोथी वाचायची ती मीच. मालक दोन वर्षं उर्दू शाळेत गेलेले. मराठी अक्षर लावून लावून वाचायचे आणि स्टेशनाची पाटी सोडून दुसरं काही वाचताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. तरी मला सुचलं ते वाचनच. दुसरं माझ्याजवळ काय होतं?

आधी पोथी काढली. ती त्यांना पाठ होती. मी एक ओळ म्हणायच्या आत ते पुढची म्हणायचे आणि कूस बदलायला बघायचे. मग स्टेशन मास्तरांच्या बायकोकडे गेले. त्यांच्याकडे काचेच्या कपाटात पुस्तकं होती. त्यांनी एक चांगली कादंबरी दिली, हात धुऊन घ्या म्हणाल्या. त्यात एक सून होती. ती खिडकीत बसून रडायची. मग बागेचं वर्णन, मग पुन्हा रडायची.

"ही बाई रडायची कवा थांबणार?" मालकांनी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"तवर मी भाईर जाऊन येतो."

दुसरं पुस्तक बुकिंग बाबूने दिलं. त्यात राजे होते, लढाया होत्या, पण शब्द इतके मोठे की वाचताना मलाच दम लागायचा. लढाई सुरू व्हायच्या आत मालकांनी गुडघा हलवला. मी पुस्तक मिटून त्यांच्या मांडीवर बसले. हसू नका. खरंच बसले.

त्याच संध्याकाळी मनमाडच्या गाडीवरचा एक गार्ड मालकांना भेटायला आला. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसणारा. मोठा माणूस, पण मालकांशी त्याचा दोस्ताना होता. जाताना मी त्याला दारात अडवलं.

"भाऊजी, तुमी इंग्रजी मुलखात जाता. मला एक पुस्तक पायजे."

"कसलं?"

"पहिल्याच पानावर कुणीतरी मेलं पायजे."

गार्ड इतका हसला की टोपी काढून हातात घेतली. "वहिनी, तसली माझ्या पेटीत हायेत की! पण बायकांनी वाचायजोगी न्हाईत."

"बायकांनी न्हाई वाचायची. गड्यानं ऐकायचीत. वाचणारीचं मी बघून घेईन."

त्याची लाकडी पेटी गाडीबरोबर फिरायची. तीत हिरवे-तांबडे बावटे, कंदील, आणि तळाशी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या. मनमाडच्या फलाटावर घ्यायचा आणि शेवटच्या डब्यात एकटा वाचत बसायचा. हद्दीवर निजामाचे पोलीस वर्तमानपत्रं धुंडायचे, पुण्यामुंबईचा कागद दिसला की उलटून बघायचे. पण कव्हरावर रक्ताळलेला सुरा पाहिला की शिपाई हसून परत पेटीत टाकायचा. सुऱ्याची भीती नव्हती त्यांना.

पहिल्या पुस्तकात पहिल्याच पानावर एक सावकार बंद खोलीत मेला. दार आतून लावलेलं. मालकांनी मान वळवली.

"आतून?"

"आतून."

"मंग मारणारा गेला कुठनं?"

"पडून राहा, सांगते."

तेव्हा मला या पुस्तकांची कळ सापडली. चांदणं आलं की पान उलटायचं. बाग आली की उलटायचं. नायिका आरशासमोर उभी राहिली की दोन पानं उलटायची. आणि दार करकरतं, दिवा विझतो, कुणाचा तरी हात गळ्यावर पडतो, तिथे पुस्तक मिटायचं आणि भाकऱ्या थापायला उठायचं.

"अगं ए! हात कुणाचा?"

"भाकरी करपंल."

"करपू दे तिच्या मायला!"

पण हलायचे नाहीत. हललात तर पुढचं वाचणार नाही, अशी बोली होती.

मालक पडल्याचं कळलं तशी माझी सासू पेडगावहून आली. ती थोरल्या दिरांकडे शेतावर असायची. काळी, उंच बाई, अक्षर ओळखत नव्हती. ती दारात आली तेव्हा मी पाटावर पुस्तक ठेवून वाचत होते आणि तिचा जन्मात कधी न थांबलेला मुलगा गुमान पडून ऐकत होता. तिने पायातल्या वहाणा काढल्या, डोक्यावर पदर घेतला, आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग हातात धरलं आणि मागे बसली. तिच्या लेखी बाईमाणूस पाटावर ठेवून मोठ्याने वाचते ते एकच.

संपल्यावर तिने विभूतीची डबी काढली आणि पुस्तकाला तीन बोटं ओढली. सुऱ्यावर.

मालकांचा चेहरा लाल झाला. हसू दाबताना त्यांचं पोट हलत होतं. मी डोळे वटारले, कारण पोट हललं की पाय हलतो.

"हसतूस काय मुडद्या?" सासू म्हणाली. "पोथी हाय. अध्याय चालू असताना उठायचं न्हाई, आन् समाप्ती झाल्याबिगर अंथरूण सोडायचं न्हाई. आमच्यात तसंच हाय."

मालक डॉक्टरला भीत नव्हते, मास्तरांना भीत नव्हते, इंजिनाला तर नव्हतेच. पण अर्धी पोथी टाकून उठू नये, हे त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेलं होतं. त्यांचं हसू गेलं. मी पुस्तक पोथीच्या फडक्यात बांधून ठेवलं. देवाने दिलेलं नाकारू नये.

सासू रोज ऐकायची. खून झाला तर तिला काही वाटायचं नाही. पोथीत राक्षस मारतातच. तिची अडचण एवढीच, की देव येत नव्हता.

"देव कवा येतो गं?"

"हा काय आला, आत्याबाई. कोट-टोपीवाला."

"चिरूट वढतोय त्यो?"

"त्योच."

"आसंल. देवाचं काय सांगावं."

मास्तरांच्या बायकोने एकदा दारातून ऐकलं आणि सासूला बाजूला घेऊन सांगितलं की ही पोथी नव्हे, चोर-खुन्यांची पुस्तकं आहेत, चांगल्या घरात ठेवत नाहीत. सासूने ऐकून घेतलं. म्हणाली, "माझं लेकरू पडून ऐकतंय न्हवं? मंग ऱ्हाऊ द्या." आणि संध्याकाळी पुन्हा विभूती लावली.

गार्ड पुस्तकं आणायचा आणि न्यायचा. मी त्याला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचे. त्यापलीकडे त्याने काही घेतलं नाही. जखम भरत आली, ताप गेला. हाड मात्र कच्चं होतं, आणि तेव्हाच ते पुस्तक आलं ज्याला शेवट नव्हता.

फलाटावर जुनी पुस्तकंही मिळायची. लढाईने कागद महागला होता, नवी कमी यायची. त्या पुस्तकात एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाला विष घातलेलं होतं. संशय मुनिमावर, पुतण्यावर, दुसऱ्या बायकोवर. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, दार लावतो, म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे," आणि पुढची पानंच नव्हती. शिवण तेवढी होती.

"वाच की."

"न्हाई हो. फाटलंय."

मालकांनी पुस्तक हिसकून घेतलं, उलटंपालटं केलं. तेवढ्यात मनमाडच्या गाडीची शिट्टी झाली. गाडी म्हणजे गार्ड, त्याला शेवट विचारायचा. त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि कमरेत उठले. फळ्या बांधलेला पाय अंथरुणावरून सरकला. मी खांद्याला लटकले, पण ते माझ्याने थोडेच आवरणार होते!

सासू कोपऱ्यात वाती वळत होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "समाप्ती झाली?"

मालक थांबले.

"न्हाई," मी म्हटलं. "ऱ्हायलीय."

"मंग ह्यो कुठं निघालाय?"

मालकांनी आईकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. सुऱ्याच्या जागी या वेळी विषाची बाटली होती आणि तिच्यावर विभूतीचे पट्टे. गाडी आली, गेली. ते हळूहळू खाली सरकले आणि मी पाय उचलून नीट ठेवला.

त्यानंतरचे दिवस त्या फाटक्या पुस्तकाने काढले. गार्डाने मनमाडला विचारलं, तसलं दुसरं नव्हतं. मग जो येईल त्याला मालक गोष्ट सांगायचे आणि खुनी कोण ते विचारायचे. फायरमन म्हणाला पुतण्या. पाणीवाला म्हणाला दुसरी बायको, कारण त्याची स्वतःची तशीच होती. कामाची पाळी संपली की माणसं आमच्या दारात बसून भांडायची, आणि जन्मात पुस्तक न धरलेला माझा नवरा पडल्या पडल्या त्यांना दटावायचा, "तसं न्हाई, चावी कुणाकडं हुती ते ध्यानात घ्या!" डॉक्टरने फळ्या सोडल्या, हाड दाबून बघितलं. "जुड़ गया," म्हणाला. मग जाता जाता, "मुनीम है. लिख के लेव."

मालकांनी उभं राहायला हात पुढे केला. सासूने तो खाली केला.

"समाप्ती."

डॉक्टरचं ऐकून झालं होतं, पण तिचं व्हायचं होतं. मी पाटावर पुस्तक ठेवलं, शेवटचं पान उघडलं आणि जे नव्हतं ते वाचलं. मुनीम उठून पळाला. डिटेक्टिव्हने त्याला दारात धरलं. मुनिमाला फाशी झाली, दुसरी बायको माहेरी गेली, पुतण्याने जिनिंग चालवली. पोथीच्या शेवटी म्हणतात तसं सगळ्यांचं कल्याण होवो म्हणाले. मालक माझ्याकडे बघत होते. सासूने नारळ फोडला आणि मुलाला स्वतःच्या हाताने उठवलं.

खरा खुनी कोण, ते मला आजही माहीत नाही. पण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांना कुणी हार घातल्याचं मी ऐकलं नाही, म्हणून मी इथे त्यांचे उपकार लिहून ठेवते. त्या गार्डाचे, त्या डॉक्टरचे आणि सासूचेही. तिच्याशी माझं एरवी पटत नव्हतं.

पाय बोटभर आखूड झाला. निजाम गेला तेव्हा मालक पूर्णेच्या यार्डातच होते आणि पुढे पेन्शन घेऊन म्हातारे होऊन वारले. सासू नातवंडांची लग्नं बघून गेली. मी अजून आहे.