चपला घालूनच आत या

लग्न होऊन मी ज्या घरात आले त्या घराला स्टेअरिंग होतं. थट्टा नाही करत. आमचे घरमालक कासारवाडीचे जुने गावकरी. शेतं कंपन्यांच्या कुंपणात गेली, हातात राहिलं ते घर आणि घरापुढचं भलंमोठं अंगण. त्या अंगणात त्यांनी लिलावात घेतलेली एक भंगार बस आणून उभी केली होती. इंजिन काढून विकलेलं, टायर बसलेले, अर्ध्या सीटा उपटलेल्या आणि मागच्या काचेवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ही अक्षरं मात्र शाबूत. ती बस त्यांनी आम्हाला भाड्याने दिली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं, पिंपरी-चिंचवडला माणसांचा लोंढा लागला होता, आणि खोली मिळणं म्हणजे देव मिळण्यासारखं होतं. आम्हाला बस मिळाली.

खोली बांधली असती तर घरपट्टी आली असती, भाडेकरूचा हक्क आला असता. बसला चाकं असतात. "चाकं हायेत तिला. घर न्हाई ते," असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या अभिमानाने सांगायचे. माणूस अडाणी म्हणवून घ्यायचा, पण वकिलाला पाणी पाजेल असलं डोकं. घर नव्हतं ते, पण भाडं मात्र घराचं होतं.

वीज त्यांच्याच ओसरीवरच्या मीटरवरून. तिथून निघालेली वायर शेवग्याच्या फांदीवर टेकून, अंगण ओलांडून आमच्या खिडकीतून आत यायची. अट अशी की एक दिवा लावायचा, बाकी काही नाही. मुलगी झाल्यावर फार विनवण्या केल्या तेव्हा टेबलफॅनला परवानगी मिळाली. मालकांनी आपली खाटच मीटरखाली टाकली होती. मीटरची चकती जरा जोरात फिरायला लागली की ते उठून आमच्या दाराशी येऊन खोकायचे. खोकल्याचंही एक प्रमाण होतं. फॅन लावला तर साधा खोकला, आणि जास्त काही लावल्याचा संशय आला तर थेट क्षयाचा.

आमचे हे पिंपरीच्या एका कंपनीत इलेक्ट्रिक मेंटेनन्सला होते. म्हणजे वर्कशॉपमधल्या मशिनींना करंट नीट पोचतोय ना, कुठल्या कामगाराला झटका बसत नाही ना, हे बघायचं त्यांचं काम. कामात फार हुशार, सगळे तसंच म्हणायचे. आणि सगळ्यात जास्त हे स्वतःच म्हणायचे. एका वर्षी कंपनीत सुरक्षा सप्ताह झाला आणि घोषवाक्याच्या स्पर्धेत ह्यांना पहिला नंबर मिळाला. निष्काळजीपणाने घर कसं उजाड होतं, अशा अर्थाचं दोन ओळींचं काहीतरी यमक जुळवलं होतं. बक्षीस काय, तर विजेची इस्त्री.

त्या इस्त्रीने आमच्या बसमध्ये जो मान खाल्ला तो मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मलाही मिळाला नव्हता. ड्रायव्हरच्या सीटवर तिची स्थापना झाली. दापोडीहून माझे आईवडील ती बघायला आले. मालकही बघून गेले आणि जाताना म्हणाले की वस्तू ब्येस हाय, पर लावायची न्हाई. मग काय, मालक डेअरीवर दूध घालायला गेले की आमच्याकडे इस्त्री सुरू. तिची पिन दिव्याच्या होल्डरला जोडायची, त्यामुळे इस्त्री चालू असताना दिवा नाही. हे म्हणजे साहेब होण्याची वाट बघणारा माणूस, शर्टाला कडक घडी पाहिजे, मग मी खिडकीतून येईल त्या उजेडात घड्या पाडायची. ओसरीवर मालकीणबाईंच्या रेडिओचा आवाज तेवढ्या वेळात बारीक व्हायचा आणि त्या बिचाऱ्या त्याला चापट्या मारत बसायच्या.

ती दिव्यासाठी ओढलेली बारीक वायर. इस्त्रीने ती तापायची, आणि खिडकीच्या पत्र्यावर जिथे टेकली होती तिथे तिचं वरचं कव्हर वितळलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की एके सकाळी अंगणात भांडी घासून मी ओल्या हाताने बसच्या दाराची दांडी धरली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. दुसऱ्या दिवशी असा झटका बसला की हातातली कळशी पार शेवग्याखाली गेली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी पुढे होऊन दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली आणि माझ्याकडे बघून हसले. पायात काय, तर कंपनीचे सेफ्टी शूज, बोटभर जाड रबराचा तळ. हा माणूस ते बूट सकाळी बसच्या आत चढवायचा आणि रात्री बसच्या आत उतरवायचा. मी म्हटलं, अहो, बूट काढून खाली उतरा आणि मग धरा. तर म्हणाले, आता तू मला वीज शिकवणार का? मनाचे खेळ आहेत सगळे. बाळंतपणाचा अशक्तपणा असेल, शेंगदाणे-गूळ खा. खिशाला टेस्टर लावलेला होता बरं का. पण तो कंपनीसाठी. बायकोच्या तक्रारीला टेस्टर लावायचा म्हणजे तिला किंमत दिल्यासारखं झालं असतं ना.

मग मी माझ्यापुरता इलाज केला. आत असलं तर काही होत नव्हतं. पाय जमिनीवर आणि हात बसच्या पत्र्याला, असं झालं की झटका. पण पायात रबरी चप्पल असली तर नाही. सगळं जग दारात चपला काढतं, मी दारात घालायला लागले. कुणी आलं की मी आतूनच ओरडायची, चपला काढू नका, तशाच या. बायका एकमेकींकडे बघायच्या. बसमधी राहून मडमीण झाली, असं मालकीणबाई म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं. म्हणू देत. त्यांच्या घराला पाया होता, माझ्या घराला चाकं होती आणि त्यात करंट होता.

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं, पण माझी लेक नुकती वर्षाची झाली होती. रांगत अंगणात जायची, कोंबड्यांच्या मागे लागायची आणि परत येताना जे हाताला लागेल ते धरून उभी राहायला बघायची. सगळ्यात आवडती कोणती जागा, तर बसची पायरी आणि ती चकचकीत दांडी. अनवाणी, ओल्या दुपट्यातलं पोर. त्या दांडीकडे तिचा हात जाताना दिसला की मी हातातलं टाकून धावायची. म्हणून रोज सकाळी तिला खाली सोडण्याआधी मी चपला काढून जमिनीवर उभी राहायची आणि हाताची मागची बाजू दांडीला लावून बघायची, म्हणजे झटका बसला तरी मूठ आवळून हात चिकटायचा नाही. कोरड्या दिवशी काही लागायचं नाही. हवा दमट असली की हात फेकला जायचा. अशा दिवशी मी तिला जुन्या साडीने आत सीटच्या पायाला बांधून ठेवायची. ती रडून रडून लाल व्हायची. पोटच्या पोरीला मी कुत्र्याच्या पिल्लासारखी बांधत होते आणि तिचा बाप कामगारांना झटका बसू नये म्हणून ओव्हरटाइम करत होता. मला त्या दिवसांत त्यांचा इतका राग यायचा की त्यांच्या शर्टांना इस्त्री फिरवताना माझे दात आवळलेले असायचे.

अशात सासूबाई आल्या. चाकणच्या पुढे महाळुंग्याकडचं त्यांचं गाव. एसटीने आल्या, डोक्यावर गाठोडं, त्यात नातीसाठी नाचणीचं पीठ. मी आतून ओरडले, आत्याबाई, चपला घालूनच आत या. त्या जागच्या जागी थांबल्या. "चपला घालून घरात? आमच्यात न्हाई तसलं," म्हणाल्या. चपला काढून कडेला नीट लावल्या, बादलीतला तांब्या भरून पायांवर पाणी घेतलं, आणि मी दारापर्यंत पोचेतो ओल्या पायांनी त्यांनी दांडी धरली.

मटकन खाली बसल्या. गाठोडं एकीकडे, त्या एकीकडे. मालकीणबाई धावत आल्या आणि घटकाभरात त्यांनी निदानही केलं. ही बस आधी कुठेतरी घाटात पडली असणार, त्यातलं कुणीतरी हिच्यात राहिलंय. संध्याकाळपर्यंत बोनेटवर लिंबू-मिरची लटकली. मी घसा फाटेस्तोवर सांगत होते की हा करंट आहे. भुतावर सगळ्यांचा विश्वास बसला, माझ्यावर नाही.

हे कामावरून आले. आईने एकदा सांगितलं, फक्त एकदा. ह्यांच्या खिशातला टेस्टर तत्काळ बाहेर आला. दांडीला लावला तर त्यातला दिवा लालभडक. हे पळत ओसरीवर गेले, मालक नको नको म्हणत असताना फ्यूज उपसून काढला, खिडकीत हात घालून ती वितळलेली जागा शोधली आणि तिला टेप गुंडाळली. मग घाम पुसत आईसमोर येऊन बसले आणि तिला विचारलं, हे कधीपासून होतंय?

सासूबाई म्हणाल्या, "मला काय इचारतोस? मी आज आले. तिला इचार."

ह्यांनी मला विचारलं नाही. पंख्याची जाळी पुसायला घेतली.

सासूबाईंचं तेवढ्यावर भागलं नाही. कंपनीत मशिनीला करंट उतरला तर काय करता, असं त्यांनी विचारलं. आता हे खुलले. अर्थिंग करतो म्हणाले. जमिनीत खोल खड्डा, त्यात पाइप, भोवती लोणारी कोळसा आणि मीठ, मशिनीपासून पाइपापर्यंत तार, आणि खड्ड्यात रोज पाणी. म्हणजे चुकार करंट माणसात न शिरता जमिनीत जातो. ऐकून घेऊन सासूबाईंनी विचारलं, मग इथे का केलं नाही? तर मालक खणू देणार नाहीत, हे उत्तर. तेवढं मात्र खरं होतं. मालकांना विचारलं तर म्हणाले, आज खड्डा खणाल, उद्या पाया घालाल, परवा मला कोर्टात उभा कराल. ज्याची एवढी शेतं कंपन्यांनी गिळली तो माणूस, त्याला कुदळीचा आवाज ऐकला तरी धडकी भरायची.

दुसऱ्या दिवशी सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन ओसरीवर गेल्या आणि म्हणाल्या, सुनेच्या दारात तुळस न्हाई, तुळस लावते. आता तुळशीला नाही कोण म्हणणार? मालकांनी स्वतः पहार आणून दिली. आम्ही दोघी खणायला लागलो. खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा मालकांना जरा शंका आली. एवढा खोल कशाला? मूळ खोल जाईल तेवढी तुळस टिकते. पाइप? मुळाशी पाणी जायला. कोळसा? थंडावा राहतो. मीठ? दृष्ट लागू नये म्हणून. सासूबाई एका दमात सगळी उत्तरं देत होत्या आणि मी पदर तोंडात कोंबून माती उपसत होते. तुळस मिठाने जळू नये म्हणून ती वर रॉकेलच्या डब्यात लावली. पुढे कितीतरी दिवस मालकीणबाई सकाळी तिला तांब्याभर पाणी घालून, हळदकुंकू वाहून आमच्या अर्थिंगला प्रदक्षिणा घालायच्या.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ह्यांनी बसच्या सांगाड्यापासून पाइपापर्यंत तार जोडली, फ्यूज बसवला, दांडीला टेस्टर लावला आणि दिवा लागत नाही हे सगळ्यांना फिरून फिरून दाखवलं. झालं, आता बिनघोर राहा, म्हणाले. मी चपला काढल्या, पायांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि रोजच्यासारखा हात उलटा करून दांडीकडे नेला.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. रोज अशी हात लावून बघायचीस का, असं हळू आवाजात विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एकदा आपल्या मुलाकडे बघितलं. टेस्टर खोटं बोलत नाही, असं काहीतरी तो सांगत होता.

"सर बाजूला," त्या मला म्हणाल्या. "तुला पोर हाय. आधी मी बघती."

कालच त्या दांडीने त्यांना जमिनीवर आपटलं होतं. भीती वाटत होती त्यांना, मला दिसत होतं, ओठ घट्ट मिटले होते. त्यांनी पाय ओले केले, मातीत रोवले आणि दांडी मुठीत धरली. पुरी मूठ, माझ्यासारखा उलटा हात नाही. धरून उभ्या राहिल्या. मला रडू फुटलं. त्या घरात माझाही जीव जाऊ शकतो, हे लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

"आण तिला," त्या म्हणाल्या.

मी लेकीला आतून सोडवून आणलं आणि ओल्या मातीत खाली ठेवलं. ती रांगत निघाली, पायरीला टेकली, दांडी दोन्ही हातांनी पकडून उभी राहिली आणि पत्र्यावर डोकं आपटत खिदळायला लागली. मी तिच्या मागे हात पसरून वाकले होते. सासूबाई म्हणाल्या, खाली घे आता हात. पण ते खाली घ्यायला मला फार वेळ लागला.